पायाळूचा पाय

दुर्मिळ रानपिंगळ्याच्या घरट्याचा फोटो काढायचा, एवढ्या एका कामासाठी तिघं जण मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी सहाला मेळघाटच्या पायथ्याशी सावरपाणी या गावात जमले होते. दर्यापूरला जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या अब्दुल सत्तार यांनी वर्षापूर्वी उंबरदऱ्याच्या टोकाला, एका वाळलेल्या सालईच्या ढोलीत हा पक्षी भरदिवसा शिरताना पाहिला होता. कॅमेरा जवळ नव्हता. पक्षी नोंदवणाऱ्या मंडळींनी पत्र वाचलं आणि सांगितलं, सर, साधा पिंगळा असेल. या वयात नजर फसते. हे वाक्य सत्तारांना वर्षभर सलत होतं. मार्च सरला की पिल्लं उडून जाणार होती. जायचं तर आताच.

सोबत त्यांची भाची फलक होती. ती अमरावतीच्या एका हाडांच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती आणि सुटीत पक्षी पाही. वाट दाखवायला सावरपाणीचा गोपाल. वनखात्याचं परवानगीपत्र फलकच्या पिशवीत होतं. पण दऱ्यात उतरायची वाट कागदावर नव्हती, ती गोपालच्या डोक्यात होती.

गोपाल निघायला तयार होता, पण अंगणात पार्बताबाई पालथी पडलेली होती. तिच्या कमरेत चमक भरली होती आणि गोपाल पायाळू होता. जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसानं पाठीला पाय लावला की चमक निघते, असं सगळं वऱ्हाड मानतं. गोपालच्या दारात तीन गावांतली माणसं येत. त्यानं पार्बताबाईच्या कमरेला तीनदा हलकेच पाय लावला.

"काहून रे बावा, आज डावा?" पार्बताबाईनं मान वळवून विचारलं. "रोज तं उजवा लावते."

"दोन्ही माहेच हायेत, मावशी. उठा आता."

फलकनं हे ऐकलं. दिवसाला पंधरा-वीस घोटे तिच्या हाताखालून जात. तिनं तिथंच विचारायला हवं होतं. तिनं विचारलं नाही. ही चूक तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिली.

पहिले दोन तास वाट सोपी होती. पानगळ झालेला साग, पांढुरक्या सालीच्या सालया, पायाखाली मोठमोठी वाळकी पानं, ती पापडासारखी मोडत होती. गोपाल पुढे चालता चालता सत्तारांची फिरकी घेत होता.

"सर, तुमचा घोटा बरा हाय ना? हिवाळ्यात टमाट्यावानी लाल झाला होता म्हणे."

"ते युरिक अ‍ॅसिड होतं. रात्रीतून सुजला, चादरीचा स्पर्श सोसेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, पाणी वाढवायला लावलं. आठ दिवसांत गेलं. मटण मात्र सुटलं."

"मंग घोटा वाचला अन् मटण गेलं."

फलक हसली, पण तिचं लक्ष गोपालच्या चालीकडे गेलं होतं. चढावर तो ठीक होता. उतार आला की उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून, बेतानं टेकवत होता.

"गोपालभाऊ, पाय दुखतोय का?"

"नवे बूट हायेत, ताई. पायाळूचा पाय दुखत नसते."

साडेनऊला ते कोरड्या धबधब्याशी आले. पावसाळ्यात इथून पाणी कोसळतं. आता वीस फुटांचा काळा कातळ होता आणि खाली वाटोळे, गुळगुळीत दगड. गोपालनं दोर बांधला. सत्तार उतरले, फलक उतरली. गोपाल शेवटी आला. दोर सोडून त्यानं उजवा पाय एका दगडावर ठेवला. दगड फिरला. घोटा आत वळला. कट्! आवाज दोघांनाही ऐकू आला.

गोपाल खाली बसला. ओरडला नाही. त्याच्या कपाळावर मात्र घामाचे थेंब उभे राहिले.

"सर, ओढा," तो दात आवळून म्हणाला. "एक झटका द्या. बसन जाग्यावर."

सत्तारांनी लहानपणापासून हेच पाहिलं होतं: मुरगळला की ओढायचा, मग गरम तेल. त्यांनी दोन्ही हातांनी टाच धरली.

"सोडा, मामू!" फलकनं त्यांचं मनगट पकडलं. "हाड मोडलं असेल तर ओढल्यानं सरकेल. आधी मला पाहू द्या."

तिनं बूट-मोजा काढला. बाहेरच्या बाजूला सूज डोळ्यांदेखत चढत होती. घोटा दुखायची कारणं ती रोज पाही: मुरगळून ताणलेले अस्थिबंध, टाचेमागच्या जाड शिरेची सूज, सत्तारांसारखं युरिक अ‍ॅसिड, झिजलेला सांधा, आणि मोडलेलं हाड. पहिल्या चारांत बहुधा थोडा वेळ मिळतो. पाचव्याबद्दल आत्ताच ठरवायला हवं होतं. तिनं बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड बोटानं दाबली.

"आई!"

"इथं नेमकं?"

"तिथंच. हाडावर."

"मला धरून उभे राहा. चार पावलं टाका."

गोपाल उठला, पाय टेकवला आणि पहिल्याच पावलाला तिच्या खांद्यावर कोसळला. हाडावर दुखतंय आणि चार पावलं टाकता येत नाहीत. म्हणजे क्ष-किरण काढेपर्यंत मोडलंय असंच धरायचं. तिनं पावलावरची नाडी पाहिली, लागत होती. बोटं गरम होती, हलत होती. तेवढं बरं होतं. तिनं बसायची फोमची चटई तळपायाखालून दोन्ही बाजूंनी पोटरीपर्यंत घेतली, पाय आहे त्याच स्थितीत ठेवला आणि ओढणीच्या पट्ट्यांनी बांधला.

"आता खरं सांगा. आधी कधी मुरगळला होता?"

"सक्रांतीच्या दोन रोज आधी. टॅक्टरवरून उतरताना. वांग्यावानी सुजला होता. रातच्याले वीट तापवून शेकला अन् चौथ्या रोजी वावरात गेलो. तवापासून लचकून राह्यला, कवा बी."

"ताज्या सुजेला गरम नाही लावत, भाऊ. बर्फ कापडात गुंडाळून लावायचा, पट्टी बांधायची, पाय उंच ठेवायचा. आणि सूज उतरली की व्यायाम, नाहीतर अस्थिबंध सैल राहतो, पुन्हा पुन्हा वळतो. दवाखान्यात का नाही आलात?"

"कोणत्या तोंडानं येऊ? तीन गावचे लोकं माह्या पायापाशी येतेत. पायाळूच लंगडत गेला तं हासतीन नाई का?"

तेवढ्यात सत्तारांनी मान वर केली. "धूर."

पश्चिमेच्या धारेवर पिवळट धूर उठला होता. मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. कुणाचा तरी जाळ हाताबाहेर गेला असावा. वारा पश्चिमेचाच होता. वणवा!

सत्तारांनी डोंगराच्या समोरच्या सोंडेकडे बोट केलं. "तेवढी ओलांडली की झाड आहे, फलक. वीस मिनिटं जायला, वीस यायला. मी एकटा जातो. तुम्ही दोघं हळूहळू निघा."

"आणि तुमच्या मागे आग आली तर मी कुणाकडे येऊ? दोघांना मी एकटी नाही काढू शकत, मामू."

सत्तार सोंडेकडे पाहत उभे राहिले. वर्षभर ज्या झाडाची त्यांनी वाट पाहिली, ते तिथं पलीकडे होतं. मग त्यांनी ट्रायपॉडवरचा कॅमेरा काढून पिशवीत टाकला, ट्रायपॉडचे पाय एकत्र बांधून काखेइतके लांब केले आणि ती कुबडी गोपालच्या हातात दिली.

"वाट सांगा," ते म्हणाले.

"वर नका जाऊ," गोपाल म्हणाला. "आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते. नाल्यानं खाली. दगडाले आग लागत नाई. अर्ध्या कोसावर वावर लागते."

ते निघाले. गोपालचा एक हात फलकच्या खांद्यावर, दुसरा कुबडीवर. सपाट जागी तो एका पायावर उड्या घेई. मोठा दगड आला की बसून, हातांवर भार देऊन मागे मागे सरके. शंभर पावलांना दहा मिनिटं लागत होती. धुराचा वास आता घशात बसत होता. वरच्या उतारावरून एक भेकर धडपडत आलं, त्यांच्या समोरून नाला ओलांडून पार झालं. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

अकरा वाजता नाला दोन कातळांमध्ये अरुंद झाला. वाऱ्यानं उडवलेला सगळा पाला तिथं येऊन साचला होता. गुडघाभर! पलीकडे जायचं तर त्यातूनच. डाव्या उतारावर आग दिसू लागली होती. उंच नव्हती, कमरेइतकी, पण रुंद. ती तडतडत खाली येत होती.

"पार होऊन जाऊ," सत्तार म्हणाले.

"माह्या पायानं नाई होत, सर. मधीच गाठन ते आपल्याले." गोपालनं मागे पाहिलं. वीस पावलांवर एक रुंद कातळ होता आणि त्याच्या खोबणीत वीतभर गढूळ पाणी. "तो दगड झाडून काढा. बाजूचा पाला दूर ओढा. दहा-दहा पावलं. बिगीनं!"

फलकनं फांदी मोडली. सत्तारांनी नुसत्या हातांनी पाला उपसायला सुरुवात केली. गोपाल बसूनच सरकत होता, दोन्ही हातांनी पानं मागे फेकत होता. बांधलेला पाय दगडावर आपटे, तो थांबत नव्हता. आठ पावलं साफ झाली. नऊ. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. उष्ण वारा तोंडावर आला.

"बस! या आत!"

तिघंही पाण्यात आडवे झाले. ओल्या रुमालांनी तोंडं झाकली. अरुंद वाटेतला पाला एकदम पेटला. भक्! कातळाच्या दोन्ही अंगांनी ज्वाळा गेल्या. एक जळता ओंडका घरंगळत आला आणि साफ केलेल्या पट्टीत, तीन हातांवर थांबला. सत्तारांनी पायानं तो दूर लोटला. फलकनं गोपालची बोटं घट्ट धरली होती, पायाची. ती अजून गरम होती.

चार मिनिटं. तिनं नंतर घड्याळ पाहिलं, तेव्हा तिला खरं वाटेना.

आग पुढे गेली. मागे काळी राख, धुमसणारी खोडं आणि शांतता राहिली. अरुंद वाट आता मोकळी होती. त्यांनी राख निवायची वाट पाहिली आणि पुन्हा सरकायला लागले. अडीच वाजता वावराचा बांध लागला, फोनला रेंज आली. जीप येईपर्यंत फलकनं गोपालचा पाय पिशवीवर उंच ठेवला.

क्ष-किरणात बाहेरच्या बाजूच्या हाडाला आडवी भेग दिसली. हाड सरकलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, सहा आठवडे प्लास्टर. पण ओढला असता तर खिळे-पट्टी बसवायची पाळी आली असती. सत्तारांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

पार्बताबाई भेटायला आली, ती कमरेवर हात ठेवूनच.

"मावशी, माहा पाय सक्रांतीपासूनच गेला होता," गोपालनं खाटेवरून सांगितलं. अंगणात आणखी चार माणसं होती, तरी सांगितलं. "मी लपवला. तुमी कंबर ताईले दाखवा."

"पण तुह्या पायानं बरं वाटत होतं ना रे."

"वाटत होतं, खरं हाय."

"मंग प्लास्टरचा लाव. जड हाय, चांगला लागन."

सगळे हसले. ज्या हसण्याला गोपाल दोन महिने भ्याला होता, ते एवढंच होतं. पार्बताबाई पुढच्या सोमवारी अमरावतीला गेली.

प्लास्टर निघालं. मग फलकनं दिलेला रबरी पट्टा, टाचा उचलणं, भिंतीला धरून एका पायावर उभं राहणं. आधी पाच सेकंद, नंतर दहा. पावसाळ्याअखेर गोपाल अंगणात डोळे मिटून अर्धा मिनिट उभा राहू लागला.

सत्तारांनी या काळात घरट्याचं नाव काढलं नाही. झाड जळालं असेल, असंच तिघांनाही वाटत होतं.

जानेवारीत ते पुन्हा निघाले. या वेळी एक नियम होता: दर तासाला प्रत्येकानं आपल्या पायाचं खरं सांगायचं. कोरड्या धबधब्याशी सत्तारांची टाच कुरकुरत होती. फलकला फोड आला होता. गोपाल म्हणाला, "बरा हाय," आणि फलकनं पाऊल पाहिलं. खरंच बरं होतं.

सोंडेवर, माथ्यापासून पन्नास पावलं अलीकडे, गोपाल थांबला. "ठणकून राह्यला."

पलीकडे झाड होतं, किंवा नव्हतं. सत्तारांनी वर पाहिलं. मग तेच आधी खाली बसले आणि गोपालच्या पायाखाली ठेवायला आपली पिशवी पुढे सरकवली.

अर्धा तास ते तिथंच बसले. मग ठणका उतरला, आणि तिघं बेतानं माथ्यावर चढले. सालई उभी होती. कमरेपर्यंत काळी, वर तशीच वाळकी. तिघं खडकाआड बसले. सत्तारांनी ट्रायपॉड उघडला. त्याचा एक पाय वणव्याच्या दिवसापासून वाकडा होता, त्याखाली त्यांनी दगड लावला.

पावणेअकराला ढोलीच्या तोंडाशी एक वाटोळं, करड्या-तपकिरी डोक्याचं काहीतरी हललं. पिंगळा उन्हात बाहेर आला. पोटाशी पांढराशुभ्र, चोचीत सरडा. साध्या पिंगळ्यासारखे डोक्यावर ठिपके जवळजवळ नव्हते.

सत्तारांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग कॅमेऱ्याचा डोळा काढून नुसतं पाहत राहिले.

"झाला का, सर?" गोपालनं हळूच विचारलं. "जाऊ या मंग?"

"तुम्ही सांगा. पाय काय म्हणतो?"

गोपालनं घोटा एकदा गोल फिरवून पाहिला. "अजून दुखून राह्यला," तो म्हणाला आणि खडकाला टेकून बसला. "दहा मिनटं बसू."