शेवटचा रकाना

पहिल्याच भेटीत त्याने दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. पॅराशूट विभागाचं दार बुटकं आणि हा वैमानिक ताडमाड. लांबलचक टेबलावर तलम पांढऱ्या कापडाच्या घड्या घालणाऱ्या तिने मान वर न करताच विचारलं, "विमानही असंच उतरवता का?"

"छे! धावपट्टीवर बघत राहावं असं कुणी नसतं ना..."

"श्श!" तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं : घडी घालताना बोलू नये.

प्रत्येक पॅराशूटचं एक कार्ड असे. घडी घालणारीने त्यावर सही करायची. शेवटचा रकाना होता 'उघडलं का?' तो मात्र उडी मारणाऱ्याने स्वतः येऊन भरायचा. तिच्या तीन वर्षांच्या कार्डांवर तो रकाना कोराच होता, म्हणजे कुणावर उडी मारायची वेळच आली नव्हती, आणि त्याचा तिला कोण आनंद!

एकदा घातलेली घडी महिनाभर चालायची. हा दर आठवड्याला हजर. कधी "दमट लागतंय", तर कधी "उंदीर दिसला". ती कापड नाकाशी धरून बघायची. ते चांगलं कोरडं ठणठणीत असायचं, तरी गंभीर चेहऱ्याने कारण लिहून घ्यायची.

शिवणयंत्रावरच्या मावशी वयाने मोठ्या, जिभेने त्याहून. "अगं, त्या उंदराला एकदा चहाला तरी बोलाव!"

मग युद्ध सुरू झालं. आता कारणं संपली. तो नुसता येऊन टेबलाशी टेकायचा, बोलत राहायचा. पाटीची आठवण तीही देईनाशी झाली.

"तुझ्याच सहीचं नेतो मी," एका सकाळी तो म्हणाला.

"रकाना कोरा ठेवा, म्हणजे झालं."

"आणि भरावा लागला तर?"

"तर... स्वतः यायचं. दुसऱ्याच्या हातचं चालत नाही."

त्या दुपारी त्याचं विमान परतलं नाही.

तिच्या जिवाला एकच घोर लागला. घडी घालताना तो समोर बडबडत होता. तेव्हा आपलं लक्ष दोऱ्यांवर होतं, की चौकटीने दिलेल्या त्याच्या भुवईवरच्या व्रणावर? दोऱ्या गुंतल्या तर नसतील? चार दिवस ती प्रत्येक घडी उलगडून पुन्हा घालत राहिली.

पाचव्या दिवशी चौकटीवर ठक्कन आवाज झाला.

डावा हात गळ्यात, दाढी वाढलेली. "चार दिवस चालत आलोय. कार्ड काढ."

तिने कार्ड काढून त्याच्यापुढे सरकवलं. त्याने रकान्यात लिहिलं : 'हो.'

"एकही दोरी गुंतली नाही," तो हळूच म्हणाला. "आणखी एक विचारायचं होतं... पण पाटी—"

तिने अर्धी घडी तशीच बाजूला सारली. आयुष्यात पहिल्यांदा.

"विचारा. आत्ता मी घडी घालत नाहीये."

"आणि माझंही यंत्र बंद आहे," मावशी म्हणाल्या.

त्याने विचारलं. तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं, त्याच्या 'हो'खाली आपला 'हो' लिहिला... आणि नियमाप्रमाणे सही केली.