दुपारचा पहारा

तालुक्याच्या कोर्टाचा शिपाई मुंजाजी वालूरला आला, तेव्हा मी दुकानात सदऱ्याला काजं करत बसलो होतो. पौषातलं ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं. बाहेरून कापसाच्या गाड्या सेलूच्या वाटेला लागलेल्या.

त्यानं नोटीस पुढं केली आणि ओळखीचं हसला.

"दंड भरायला येतो म्हणलात टेलर, अन् आलाच न्हाईत."

"कसला दंड? मी कोर्टाची पायरी कधी चढलो नाही."

"मीच तर बाहेर काढलं तुमाला. एकादशीच्या दुपारी. दाराशी उभं राहून तुमचं रामकृष्णहरी चाललेलं. साहेबांनी दोनदा गप ऱ्हावा म्हणलं, ऐकलं न्हाई. मग कामात अडथळा म्हणून दंड लागला. नाव-गाव तुमीच सांगितलं. दिनकरराव टेलर, वालूर."

त्याच्या बोलण्यात खोट दिसत नव्हती. उलट थोडं कौतुकच होतं.

त्या एकादशीच्या दुपारी मी मारुतीच्या देवळात सप्ताहाच्या पहाऱ्यावर होतो. बाहत्तरच्या दुष्काळानंतर आमच्या गावानं दर मार्गशीर्षात सप्ताह बसवायचा नेम धरला. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. रात्रंदिवस कुणीतरी ती गळ्यात घालून उभा राहतो आणि तोंडानं नाम चालू ठेवतो. पहारा बदलताना वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि एकमेकांच्या पायाला लागायचं. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. दुपारचा पहारा माझा, माझ्यानंतर तात्यारावांचा. मला कीर्तनाचं वेड आहे. संध्याकाळी बुवा उभे राहिले, मृदंगावर थाप पडली, की घरदार आठवत नाही. पण दुपारच्या रिकाम्या देवळात एकट्यानं वीणा धरण्याची गोडी काही वेगळीच.

"भरून टाका अन् मोकळे व्हा," गीताबाई म्हणाली. बायकोचं चुकत नव्हतं. दंड काही मोठा नव्हता.

पण दंड भरला म्हणजे मी कोर्टात होतो हे कबूल. आणि मी कोर्टात होतो, तर वीणा कुणाच्या गळ्यात होती? मग सप्ताह खंडला, गावाचा नेम मोडला, आणि तो माझ्या हातून.

गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. पाण्याला निघालेल्या धुरपताबाई कळशी कडेवर घेऊन दुकानासमोर थांबल्या.

"काय टेलर, देवळात जागा न्हवती का नाव घ्यायला? कोर्टात कशाला गेलतास?"

पारावरची माणसं हसली. संध्याकाळी दोघंजण शिवायला टाकलेलं कापड परत घेऊन गेले.

मी तक्रारीचा अर्ज केला. तारखेला तात्याराव माझ्याबरोबर साक्षीला आले. दगडी इमारत, उंच छत, कुरकुरणारा पंखा, शाईचा वास. वहाणा बाहेर काढून आम्ही आत गेलो. सवयच तशी.

मॅजिस्ट्रेटसाहेब तरुण होते; दंड त्यांनीच लावलेला. आवाज शांत.

"वीणा तुम्हाला यांनीच दिली?" त्यांनी तात्यारावांना विचारलं.

"जी साहेब."

"चेहरा पाहिलात?"

"पायाला लागताना तोंड कोन बघतंय, साहेब? पाय बघितले. यांच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं हाय. मशीनचा लोखंडी स्टँड पडलाय त्याच्यावर."

साहेबांनी टेबलावरून वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.

दारात उभा असलेला मुंजाजी हळूच म्हणाला, "साहेब, त्यो माणूसबी अनवाणीच होता. नख काळंच होतं."

साहेबांनी मान वर केली.

"अन् हात असा होता." त्यानं डावा हात छातीशी उभा धरला, उजव्याची बोटं हलवली. "काई धरल्यावानी. हातात तर काईच न्हवतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. खिडकीकडे पाहत म्हणाले, "एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. दंड रद्द."

बाहेर मी वहाणा घालत होतो. मुंजाजी आला आणि माझ्या पायाला लागला.

"अहो, हे काय?"

"साहेबांनी गप ऱ्हावा म्हणलं ना," तो म्हणाला, "तवा त्या माणसानं डोळे उघडून समदीकडं बघितलं. बघत तर होता, पर आमी कुणी दिसत न्हवतो त्याला."

मी तात्यारावांना चला म्हणालो. एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. त्या दुपारी रिकाम्या देवळात मला कुणीतरी "गप ऱ्हावा" म्हणालं होतं. दोनदा. मी डोळे उघडून पाहिलं होतं. समोर फक्त समई होती.

दंड रद्द झाल्याचं गावाला कळलं. परत नेलेलं कापड पुन्हा आलं. धुरपताबाईंनी चोळीचं माप दिलं आणि वर भावही पाडून घेतला. पुढच्या मार्गशीर्षात सप्ताह बसला, तेव्हा दुपारचा पहारा कुणी न विचारता माझ्याकडेच राहिला.

एकादशीची दुपार. देवळात कुणी नव्हतं. फरशी गार, बुक्क्याचा वास, बाहेर लिंबावर एक होला घुमत होता. मी डोळे मिटून नाम घेत होतो. वीणेची तार बोटाखाली संथ वाजत होती.

पहारा संपत आला. पावलं वाजली. कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं.

मी वीणा गळ्यातून काढून समोरच्या गळ्यात घातली. तार क्षणभरसुद्धा थांबली नाही. माझ्या तोंडचं नाम त्यानं पुढं नेलं.

मी पायाला लागायला वाकलो.

डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं.

मी वर पाहिलं नाही. वीणा चालू होती, नाम चालू होतं. गावाचा नेम मोडला नव्हता. मी कपाळ त्या पावलांवर टेकवलं. पावलं ऊबदार होती.

देवळाच्या पायरीशी सायकल टेकवल्याचा आवाज झाला. तात्याराव धापा टाकत वर आले.

"उशीर झाला, दिनकरराव. चाकच पंक्चर झालं. द्या वीणा."

मग ते जागीच थांबले.

"अन् तुमच्या पायाशी ह्ये कोन वाकलंय?"