डावीकडे वळली की बंद

“सायकल बिघडलेली नाहीच,” बुद्धप्रिया म्हणाली. “बिघडलेली वस्तू बंद पडली की बंदच राहते. ही थांबते आणि पुन्हा चालते. म्हणजे कुणीतरी तिला थांबवतंय.”

“कोण थांबवून राहिलं? भूत?” सोमेशने विचारलं.

“भुताला मावशीच्या सायकलीशी काय काम?” सुकन्या म्हणाली, आणि ओसरीवर बसलेले तिघंही हसले.

सुकन्या लातूरहून मुखेडला मावशीकडे सुट्टीला आली होती. सोमेश मावशीचा मुलगा, नुकताच पाचवी पास झालेला. बुद्धप्रिया शेजारी राहायची. ती सुकन्याएवढीच, आठवीत जाणारी, आणि घरातला बंद पडलेला मिक्सर उघडून चालू केल्यापासून गल्लीतल्या बायका तिच्याकडे इस्त्र्यासुद्धा घेऊन यायच्या.

शिल्पामावशी आरोग्य खात्याची आशाताई होती. आजूबाजूच्या वाड्यांवर जाऊन बाळंतिणी आणि तान्ही मुलं तपासायची. त्यासाठीच तिने बॅटरीवर चालणारी सायकल घेतली होती. पण गेल्या महिन्यापासून ती सायकल चालता चालता अचानक मुकी व्हायची. समोरच्या स्क्रीनवर बॅटरी भरलेली दिसायची, दिवा लागलेला असायचा, आणि मोटर मात्र गप्प. शेवटी दुकानदार संगमेश्वरअप्पांनी ती आपल्या गोदामात ठेवून घेतली होती. बॅटरी गेली, नवी येईपर्यंत थांबा, असं त्यांचं म्हणणं होतं.

“मला थांबून कसं जमंल?” घरातून बाहेर येऊन डोक्यावर पदर घेत मावशी म्हणाली. “गुणाबाईचा नातू लई अशक्त हाय. दर दोन दिवसाला त्याचं वजन बघावं लागतं.” छत्री उघडून ती चैत्राच्या उन्हात पायीच निघाली.

ती दिसेनाशी झाल्यावर सुकन्या म्हणाली, “सायकल कुठं कुठं थांबते, असं मी काल मावशीला विचारलं होतं. शाळेच्या वळणावर, पाण्याच्या टाकीपाशी आणि वाडीच्या फाट्यावर. तिन्ही ठिकाणी काय सारखं आहे?”

सोमेशने डोळे मिटून रस्ता आठवला. “तिन्हीकडं डावीकडं वळावं लागतं.”

बुद्धप्रिया उठून उभी राहिली. “चला गोदामात. मला ती सायकल बघायचीय.”

संगमेश्वरअप्पांचं गोदाम गावाबाहेर, डाळगिरणीच्या शेजारी होतं. अप्पा घाईत दिसले. अंगात रेशमी सदरा, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे आणि कानाला मोबाईल. नायगावला लग्नाला निघाले होते.

“बघायचं तर बघा,” फोनवर हात ठेवून ते म्हणाले. “त्या खोक्यांच्या मागं हाय. तशा आणखी बऱ्याच पडल्यात. कंपनीनं बॅटऱ्याच भिकार दिल्या.”

मुलं आत गेली. गोदाम लांबलचक होतं. वर पत्रे, भिंतींना खोक्यांची थप्पी, आणि त्या थप्पीने सगळ्या खिडक्या झाकलेल्या. एकच बल्ब मधोमध लटकत होता. पार मागे परत आलेल्या सायकली रांगेत उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या हँडलला तिची चावी बांधलेली होती.

मावशीची निळी सायकल त्यांनी ओळखली, तेवढ्यात मागे धडधड आवाज झाला. शटर खाली येत होतं.

“अप्पा!” सुकन्या ओरडली. “आम्ही आत आहोत!”

तिघंही धावत सुटले. पण खोक्यांना वळसा घालून ते पोचले तेव्हा शटर जमिनीला टेकलं होतं आणि बाहेरून कुलूप अडकवल्याचा आवाज येत होता. मग मोटारसायकल सुरू झाली. अप्पा अजून फोनवरच बोलत होते. त्यांचा आवाज लांब गेला आणि संपला.

त्यांनी शटर बडवलं, हाका मारल्या, पुन्हा बडवलं. शेजारची डाळगिरणी घरघरत होती. त्या घरघरीत त्यांना स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नव्हता.

“घरी कळंल ना?” सोमेशने विचारलं.

सुकन्याने बुद्धप्रियाकडे पाहिलं. मावशीला वाटणार, मुलं बुद्धप्रियाच्या घरी आहेत. बुद्धप्रियाच्या आईला वाटणार, ती मावशीकडे आहे. फोन कुणाकडेच नव्हता आणि अप्पा लग्नाचं जेवण उरकल्याशिवाय परतणार नव्हते.

“कळेल,” सुकन्या म्हणाली. आणि ती झाकलेल्या खिडक्यांकडे बघायला लागली.

खिडक्यांपर्यंत पोचायला त्यांनी थप्पीवरचं एक खोकं ओढून पाहिलं. आत अख्खी सायकल होती. ते हललंसुद्धा नाही. उलट वरचं खोकं पुढे झुकलं, तेव्हा बुद्धप्रियाने दोघांना मागे खेचलं.

“हे अंगावर आलं तर कुणी काढायचं?” ती म्हणाली.

मग मावशीच्या सायकलीची चावी फिरवून तिने हॉर्न दाबला. हॉर्न खणखणीत वाजला. ती दाबत राहिली, बोट दुखेपर्यंत. पण गिरणीच्या आवाजात तो रस्त्यावरच्या कुठल्याही हॉर्नसारखाच होता. कोण कशाला थांबून ऐकेल?

ऊन चढत गेलं तसे पत्रे तापले. हवा हलत नव्हती. श्वास घेतला तरी छातीत गरमच जात होतं. सुकन्याच्या बाटलीत थोडंसं पाणी होतं. ते तिघांनी घोट घोट घेतलं. थोड्या वेळाने सोमेश खाली बसला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“ताई, डोकं गरगरून राहिलं.”

 सुकन्याने त्याला शटरजवळ नेऊन आडवं केलं. तिथे खालच्या फटीतून जराशी झुळूक येत होती. उरलेल्या पाण्यात रुमाल भिजवून तिने त्याच्या कपाळावर आणि मानेवर ठेवला आणि एका पुठ्ठ्याने वारा घालायला लागली. मावशी तापलेल्या लेकरांना असंच करते, हे तिने पाहिलं होतं.  

“बुद्धप्रिया, काहीतरी कर,” ती हळूच म्हणाली.

“काय करू? इथून बाहेर जायला दारच नाही.” बुद्धप्रियाचा आवाज रडवेला झाला होता. तिने डोळे पुसले. “नुसतं बसले तर मला जास्तच भीती वाटते. मी सायकल बघते. निदान हाताला काम मिळेल.”

तिने सायकल स्टँडवर चढवली, म्हणजे मागचं चाक अधांतरी राहील. पुढचा दिवा लावून पाहिला आणि विझवला. मग मूठ पिळली. चाक गर्रकन फिरलं.

“हॉर्न वाजतो, दिवा लागतो, चाक फिरतं,” ती मोठ्याने बोलत राहिली, सोमेशलाही ऐकू जावं म्हणून. “म्हणजे बॅटरी चांगली आहे. मोटर चांगली आहे. आता हँडल उजवीकडे वळवते.”

चाक फिरतच राहिलं.

“आता डावीकडे.”

चाकाची गती उतरली आणि मोटर गप्प झाली. हँडल सरळ केलं, पुन्हा सुरू. डावीकडे, पुन्हा बंद.

“सापडलं?” सोमेशने पडल्या पडल्या विचारलं.

“कधी थांबते ते सापडलं. का थांबते ते नाही.”

तेवढ्यात बल्ब विझला. गोदामात अंधार झाला. शटरखालची फट तेवढी पांढरी रेघ होऊन चमकत होती. सोमेशने सुकन्याचा हात घट्ट धरला.

“लाईट गेली,” सुकन्या म्हणाली. “काही नाही. लाईटच गेलीय.”

“सुकन्या,” बुद्धप्रियाचा आवाज बदलला होता. “भिंतीकडं बघ.”

सायकलीच्या मागच्या भिंतीवर लालसर उजेड पडला होता. बुद्धप्रियाने हँडल सरळ केलं, उजेड गेला. डावीकडे वळवलं, पुन्हा लालभडक.

“हा ब्रेकचा दिवा आहे,” ती म्हणाली. “ब्रेक दाबला की मागे हा लाल दिवा लागतो आणि मोटर आपोआप बंद होते. पण मी ब्रेकला हात लावलेला नाही. माझे दोन्ही हात हँडलच्या मधोमध आहेत.”

“म्हणजे सायकलीला वाटतंय की कुणीतरी ब्रेक दाबला?”

“तेच. बल्बच्या उजेडात तो दिवा लक्षातच आला नाही.”

तिने आधी चावी फिरवून सायकल बंद केली. मग बोटांनी वायरी चाचपत ती हँडलपासून खाली आली. हँडल जिथे फिरतं, तिथे सगळ्या वायरी एका प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधल्या होत्या. हँडल डावीकडे वळलं की ब्रेकची वायर ताणून लोखंडाच्या कडेवर घासली जात होती. वरचं आवरण फाटून आतल्या दोन तारा उघड्या पडल्या होत्या. त्या एकमेकींना टेकल्या की झाला ब्रेक. खिशातल्या नेलकटरने तिने ती पट्टी तोडली आणि तारा वेगळ्या केल्या. चावी लावून मूठ पिळली आणि हँडल डावीकडे वळवलं. भिंत काळी राहिली. चाक फिरत राहिलं.

ती शेजारच्या सायकलीपाशी गेली, मग तिच्या पुढच्या. “सगळ्यांना तशीच पट्टी आहे, सुकन्या. सगळ्यांना.”

पण सुकन्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. “ऐक,” ती म्हणाली.

“काय? काहीच ऐकू येत नाही.”

“तेच म्हणते. गिरणी बंद पडलीय.”

लाईट गेली तशी घरघर थांबली होती. बाहेर कुठेतरी माणसं बोलत होती, हसत होती. तिघंही जिवाच्या आकांताने ओरडले. बोलणं तसंच चालू राहिलं. माणसं लांब होती, आणि लाईट कधी परत येईल याचा नेम नव्हता.

“एका हॉर्नकडं कुणी लक्ष देणार नाही,” सुकन्या म्हणाली. “पण बंद गोदामातून सगळे हॉर्न वाजायला लागले तर?”

बुद्धप्रियाला पुढचं सांगावं लागलं नाही. दोघींनी खोक्यांवरची सुतळी सोडवली. प्रत्येक सायकलीची चावी लावायची, हॉर्नच्या बटणावर पुठ्ठ्याची घडी ठेवायची आणि वरून सुतळी आवळायची. एक सायकल वाजलीच नाही, दुसरीने नुसतं कण्हल्यासारखं केलं. बाकीच्या मात्र एकामागून एक ओरडू लागल्या. पत्र्यांचं गोदाम आतून असं घुमायला लागलं, की सोमेश कानांवर हात ठेवून उठून बसला आणि पहिल्यांदाच हसला.

शटरच्या फटीत सावल्या आल्या.

“आत कोण हाय?” एक दणकट आवाज आला.

“आम्ही! शिल्पाताईंची मुलं! लवकर उघडा, एकाला चक्कर आलीय!”

तो आवाज गिरणीतल्या रामकिशनचा होता. त्याने चावीची वाट बघितली नाही. पहार आणून त्याने कुलूपच उखडलं. शटर वर गेलं आणि उजेड आत घुसला, तसे तिघांनीही डोळे मिटले. रामकिशनने सोमेशला उचलून लिंबाच्या झाडाखाली नेलं आणि गिरणीतल्या एकाला पाणी आणायला पिटाळलं. सोमेश तांब्याभर पाणी प्यायला, थोडं सांडलं, पुन्हा प्यायला. त्याच्या गालांचा लाल रंग हळूहळू उतरला.

रामकिशनने फोन करून कळवलं, तशी मावशी वाडीवरून थेट तिथेच धावत आली. तिने तिघांनाही एकदम कवेत घेतलं.

“तुम्हाला रागवावं का शाबासकी द्यावी, मला कळून नाही राहिलं,” ती म्हणाली. “आधी रागावते. न सांगता कुठं जायचं न्हाई. कळलं?” मग सोमेशच्या मानेवरच्या ओल्या रुमालाला हात लावून तिने सुकन्याकडे पाहिलं. “हे तू केलंस? मी असते तर हेच केलं असतं.”

संगमेश्वरअप्पा निरोप मिळताच लग्नातून परतले. तुटलेलं कुलूप बघून ते आधी रामकिशनवरच तापले. “माझ्या मालाचं काय झालं असतं?”

“अन् लेकरांचं काय झालं असतं, अप्पा?” रामकिशन शांतपणे म्हणाला.

 सोमेशकडे बघून अप्पांना तिथल्या तिथे घाम फुटला. आतून अजूनही हॉर्नचा गलका येतच होता.

“ह्या कोणत्या सायकली वाजून राहिल्या?” त्यांनी विचारलं.

“बॅटरी गेलेल्या,” बुद्धप्रिया म्हणाली.

तिने त्यांना आत नेलं. सुतळ्या सोडून सगळे हॉर्न बंद केले आणि एका सायकलीचं हँडल डावीकडे वळवून मागचा दिवा दाखवला. मग आवळलेली पट्टी दाखवली. अप्पांनी वाकून ती पट्टी बोटांनी ओढून पाहिली.

“ह्या पट्ट्या मीच बांधल्या,” ते म्हणाले. “वायरी लोंबकळून दिसायल्या, ते बरं दिसंना. आवळून टाकल्या. अन् कंपनीला शिव्या देत बसलो. एकदासुद्धा वाकून बघितलं न्हाई.” त्यांनी मावशीकडे वळून हात जोडले. “ताई, चूक माझी हाय. सायकलीची बी अन् शटरची बी. ह्या पोरींनी माझे डोळे उघडले.”

तिथेच उभ्या उभ्या त्यांनी फोन लावला. “शेषेराव, मी अप्पा बोलतो. सांजच्याला येऊन तुमची सायकल घेऊन जा. न्हाई, नवी बॅटरी लागत न्हाई. तुमची चांगली हाय.” मग दुसरा फोन लावला, मग तिसरा.

फोन झाल्यावर त्यांनी रेशमी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि धुळीतच मांडी घातली. कात्रीने एकेक पट्टी कापायची, फाटलेल्या वायरीला टेप गुंडाळायची, मग हँडल डावीकडे वळवून मागे बघायचं. प्रत्येक सायकल झाली की ते मान वर करून बुद्धप्रियाकडे पाहायचे, आणि तिने मान हलवली की मगच पुढच्या सायकलीकडे सरकायचे.