फोडणीला घाबरणारा ठोंब्या

मोहरी तडतडली आणि ठोंब्याने ओलं गोणपाट कढईवर फेकलं. आठवड्यातली ही तिसरी वेळ!

"मेल्या, फोडणी आहे ती! आग नव्हे!" वैजयंतीआजी ओरडल्या.

साल २०५३. आयुष्यभर मेंदूवर संशोधन केलेल्या आजींनी निवृत्तीनंतर सांगलीच्या फ्लॅटमध्ये हा यंत्रमानव स्वतः जुळवला होता. आगीपासून घर राखायचं, एवढंच त्याचं काम. महिन्यापूर्वी तो पोळी करपली तरच घंटा वाजवायचा. मग आता मोहरीलाही का घाबरतो?

त्यात दिवाणावर तेरा वर्षांची नात शाल्मली मनगटफोनला डोळे लावून बसलेली. फोन थरथरला की तिचे खांदे कानापर्यंत जात.

"ठेव गं ते! दहादा सांगितलं!"

"आजी, मी खो-खोच्या संघातून नाव काढतेय. उद्या बाईंना सांगणार."

"अगं, दोन वर्षं घाम गाळलास..."

"नाही खेळायचं मला!"

आजींनी कपाळावर हात मारला. यंत्र घाबरट, पोरगी घुमी! चिडचिडतच त्यांनी ठोंब्याची स्मृतिपट्टी (तो काय काय शिकला त्याची नोंद) उघडली.

'घंटा वाजली. "सगळं ठीक" बटण दाबलं गेलं नाही. आजी ओरडल्या. म्हणजे धोका खरा. पुढच्या वेळी लवकर वाजवावी.'

अशा एकवीस नोंदी.

बटण आजींनीच बसवलेलं, आणि एकदाही दाबलेलं नाही. नुसतं ओरडणं. त्यांनी दिवाणाकडे पाहिलं आणि शाल्मलीशेजारी जाऊन बसल्या.

"शालू, ठोंब्यासारखी घंटा आपल्या डोक्यातही असते. अमिग्डाला (मेंदूतली बदामाएवढी गाठ, धोका दिसला की शरीराला जागं करते). ती वाजली की छाती धडधडते, पोटात गोळा येतो. विसावा मिळाला की शांत होते. पण सारखी वाजत राहिली तर हळवी होते, मोहरीलाही दचकते. मला वर्गातल्या मुली चष्म्यावरून 'ढापणी' म्हणायच्या. रडायचे मी. पण ते चिडवणं शाळेच्या फाटकाशी थांबायचं. फोन काय तो शेजारच्यांकडे! संध्याकाळभर माझ्या घंटेला सुट्टी. तुझी मात्र मनगटालाच बांधलेली."

"पण आजी, ही मोहरी नाहीये. खरीच आग आहे." शाल्मलीने मनगट पुढे केलं. सामन्यात ती पडली, त्याची कुणीतरी चित्रफीत केली होती, वर बेडकाचा आवाज. खाली 'बेडकी, बेडकी' असे तीनशे निरोप.

आजींचा आवाज चढणार होता. त्यांनी तो गिळला.

"आग लागली तर एकटीनं धूर हुंगत बसायचं नसतं गं. हाक मारायची. आणि मी? नुसती ओरडत राहिले. चुकलंच माझं."

दोघींनी सगळे निरोप पुरावा म्हणून जपून ठेवले आणि खो-खोच्या कदमबाईंना फोन लावला. "चित्रफीत पुसायला लावते. त्या मुलांच्या पालकांनाही बोलावते," बाई म्हणाल्या. "आणि शाल्मलीचं नाव मी काही काढत नाही." मनगटफोन रोज संध्याकाळी कपाटात जाऊ लागला.

चित्रफीत दोन दिवसांत पुसली गेली. घंटा मात्र इतक्या लवकर शांत होत नाही. ठोंब्याचीही नाही, शाल्मलीचीही नाही. आजी प्रत्येक फोडणीला न विसरता बटण दाबत राहिल्या.

दहाव्या दिवशी मोहरी तडतडली. ठोंब्या गोणपाट घेऊन उठला, आणि थबकला.

"फोडणी?"

"फोडणी."

तो खाली बसला. तेवढ्यात आतून हाक आली, "आजी, माझे खो-खोचे नी-कॅप कुठे टाकलेस?"

"मी टाकले? मी?" आजी ओरडल्या, आणि ठोंब्या उठायच्या आत त्यांनी पुन्हा बटण दाबलं.