साठ जण कुठे गेले?

"हे औषध घेऊन शंभरातले नव्वद बरे झालेत. मग डॉक्टर, आपण थांबलोय कशासाठी?" तळप्रमुख पाटणकरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

काचेपलीकडे शर्वाणीचे बाबा धापा टाकत होते. चंद्रावरच्या या खाणतळावर खडकाची बारीक धूळ फुप्फुसांत जाऊन सहा जण आजारी पडले होते. बाबांची तब्येत सगळ्यांत नाजूक. सकाळी त्यांच्या रक्तातला प्राणवायू नव्वद टक्के होता, आता चौऱ्याऐंशी.

तळावर दोन औषधं होती, पण ती एकत्र देणं धोक्याचं. दोन्हींच्या चाचण्या पृथ्वीवरच्या खाणकामगारांवर झाल्या होत्या. दुसऱ्या औषधानं शंभरातले बासष्टच बरे झाले होते.

"आजी, पहिलंच द्या ना," अकरा वर्षांची शर्वाणी वयस्कर डॉक्टर खांबेट्यांना म्हणाली.

"देईन. आधी हे मोठ्यानं वाच." डॉक्टरांनी पहिल्या औषधाचा शोधनिबंध तिच्यापुढे धरला. "औषध कोणाला द्यायचं ते कसं ठरवलं?"

"सोमवारी आलेल्यांना औषध, मंगळवारी आलेल्यांना औषध नसलेली साधी गोळी."

"म्हणजे आज औषध मिळणार की नाही, हे भरती करणाऱ्याला आधीच ठाऊक. फार आजारी माणसाला तो 'उद्या या' म्हणू शकतो. मग औषधाच्या गटात कमी आजारी माणसंच जमतात. म्हणून यादृच्छिक वाटप (कोणता रुग्ण कोणत्या गटात, हे चिठ्ठी काढून ठरवणं) करतात, आणि चिठ्ठी बंद पाकिटात ठेवतात."

पाटणकरांनी काचेपलीकडचा प्राणवायूचा आकडा पाहिला. "त्र्याऐंशी झालाय, डॉक्टर."

"दिसतंय मला. शर्वाणी, औषध किती जणांना दिलं?"

तिनं बोट फिरवलं. "एकशे साठ." मग ती थबकली. "पण हिशेबात शंभरच आहेत. साठ जण कुठे गेले?"

"चाचणी अर्धवट सोडून गेले. का, ते लिहिलेलं नाही. त्रास वाढला म्हणूनही गेले असतील. त्यांच्यातला एकही बरा झाला नसेल तर?"

शर्वाणीनं मनात भागाकार केला. "एकशे साठात नव्वद. शंभरात छप्पन्न." ती हळूच म्हणाली, "बासष्टपेक्षा कमी."

दुसरा निबंध तिनं स्वतःच ओढून घेतला. दोन्ही गटांत दोनशे-दोनशे माणसं, चिठ्ठ्या बंद पाकिटांत. कोणाला काय दिलं ते रुग्णांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. शेवटी सगळे मोजलेले. औषधानं एकशे चोवीस बरे, साध्या गोळीनं नव्वद.

"दुसरं," ती म्हणाली. डॉक्टरांनी पाटणकरांकडे पाहिलं. ते दारातून बाजूला झाले.

औषधाची गोळी देताना बाबांनी डोळे उघडले. "यानं बरं वाटेल ना गं?"

नुसतं हो म्हणावंसं तिला फार वाटलं. "शंभरातल्या बासष्टांना वाटलं, बाबा. मी इथेच बसते."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्राणवायू एक्क्याण्णववर आला. पाटणकर हसत म्हणाले, "चला, औषध सिद्ध झालं."

"एकट्या बाबांवरून नाही होत," शर्वाणी म्हणाली. "साध्या गोळीनंही नव्वद जण बरे झाले होते."

"मग चंद्रावर कोणतं चांगलं, ते कसं कळायचं?" पाटणकरांनी विचारलं.

ते शोधायला डॉक्टरांनी चंद्रावरच्या इतर तळांना एकत्र चाचणीचं पत्र लिहिलं. संध्याकाळपर्यंत तीन तळांचा होकार आला होता.