थांबायची जागा

ध्वनिसंग्रहालयात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. खोकला, खाकरणं, रिकामी जागा, रेकॉर्डिंगमधलं सगळं ती असं छाटायची की आपण इतकं सफाईदार कधी बोललो, असं बोलणाऱ्यालाच वाटावं. डोंगरातल्या जाणत्या बाबांच्या एक्केचाळीस नोंदीही तिनं अशाच साफ केल्या. बाबा प्रत्येक झाडापाशी विचारायचे, "घेऊ का?" मग दहा-बारा सेकंद काहीच नाही. मग देठ खुडल्याचा आवाज, आणि पुढे औषध. मधली शांतता तिनं कापली; जागा अडते म्हणून मूळ फायलीही पुसून टाकल्या.

पंधरवड्यात बाबा गेले. त्यांच्या माणसांत ही विद्या जाणणारं दुसरं कोणी नव्हतं. होतं ते या नोंदींत. त्या ऐकून शिकायला, एके दुपारी त्यांची लेक आली.

पहिलीच नोंद ऐकून ती चपापली. "ताई, बाबा थांबले कसे नाहीत?"

"रिकामी जागा होती. काढली मी."

"अहो, रिकामी कुठली? झाडाचा होकार त्यातच येतो. होकाराशिवाय खुडलेलं औषध उलटतं. तो ऐकायचा कसा, तेच तर शिकायला आले मी."

"मूळ फाइल आहे. शोधते," कात्रीबाई धडधडीत खोटं बोलली. लेक बाहेर बाकावर जाऊन बसली.

तिनं उगाचच पहिली फाइल पुन्हा उघडली. मघाशी दोन मिनिटांची असलेली नोंद आता तीन मिनिटांची झाली होती. कापलेली शांतता जागच्या जागी होती! तिचा जीव भांड्यात पडला. चला, लाज राखली म्हणायची कोणीतरी.

तिनं हेडफोन लावले. "घेऊ का?" मग शांतता. बारा सेकंद. वीस. चाळीस. नोंद जंगलात केलेली, पण शांततेत पंख्याची घरघर होती. मग खुर्ची करकरली.

ती आत्ताच मागे रेलली होती.

तिनं अंग आवरलं. फाइलमधली करकर थांबली. तिनं बांगडी हलकेच हलवली. कानात बांगडी किणकिणली.

आता मात्र तिची पाचावर धारण बसली. तिनं हेडफोन उपटून टेबलावर टाकले, तसा आवाज स्पीकरवर आला. पडद्यावरच्या यादीत एक्केचाळीसच्या खाली बेचाळिसावी नोंद होती. तिनं हात लावला नव्हता, तरी ती सुरू झाली.

"घेऊ का?" बाबांनी विचारलं.

ती ओठ घट्ट मिटून बसली. श्वाससुद्धा घेईना.

"घ्या," स्पीकरमधून तिचाच आवाज म्हणाला.

देठ खुडल्याचा आवाज आला.

लेक धावत दाराशी आली. "ताई, सापडलं?"

कात्रीबाईनं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या. आवाज काही फुटला नाही.

स्पीकरवर बाबा सावकाश सांगत होते, हा आवाज कशावर चालतो, कसा उगाळायचा, आणि लहान मुलांना किती द्यायचा.