पावणेपाच-एकोणीसचा चौथा टायर

टायर आधी आला, मागून माणूस आला. घाटकोपरला आग्रा रोडच्या उतारावर लवूच्या हातून निसटलेला तो टायर गडगडत धोंडिरामच्या जुन्या टायरांच्या दुकानात घुसला आणि त्याच्या मुलीच्या, रतनच्या हातातला चहाचा कप उडवून तिच्या पायाशी आडवा झाला. भाद्रपदातली सर नुकतीच ओसरली होती. धावत आलेल्या त्या तरुणाच्या कपाळावरून अजून पाणी निथळत होतं.

"लागलं नाही ना?"

रतनने टायर उभा केला. फडक्याने टायर पुसून तिने कडेवर खडू घासला. असं केलं की मापाचे झिजलेले आकडेही पांढरे होऊन दिसतात. बापाची नजर अधू झाल्यापासून हे काम तिचंच होतं.

"बैल कुठे बांधलेत?" तिने विचारलं.

"कसले बैल?"

"हा बैलगाडीचा टायर आहे. आरे कॉलनीत गवताच्या गाड्यांना असतो तो."

"अहो, एकोणीस इंची आहे! आमच्या गाडीला एकोणीसच लागतो. एकतीस सालची गाडी आहे, काय समजलात?"

"असेल ना. पण हा बैलाच्या चालीसाठी बनवलाय. चाळीसच्या स्पीडनं पळवलीत तर तापून फुटेल. मग खरंच बैल लागतील, ओढून न्यायला!"

खरं तर त्याने चिडायला हवं होतं. तो हसला. हसताना एकाच गालाला खळी पडली, आणि रतनची पंचाईत तिथूनच सुरू झाली.

लवू पार्ल्याच्या एका डॉक्टरांच्या गाडीची देखभाल करायचा. डॉक्टरांच्या वडिलांनी गाडीचा नुसता सांगाडा परदेशातून आणवला होता आणि वरची बॉडी मुंबईच्या कारागिरांकडून हवी तशी बेतून घेतली होती. मधल्या काळात कुणा शहाण्याने तिला जीपची बुटकी चाकं चढवली; मूळची उंच चाकं टायरांविना पडून होती. जानेवारीत जुन्या गाड्यांची रॅली होती, आणि तिथले तपासनीस टायरचं मापसुद्धा गाडीच्या सालचं आहे का, ते बघायचे.

लवूने खिशातून गाडीचा जुना फोटो काढला. रतनने तो उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला.

"रुंदीला पावणेपाच इंच, आतून एकोणीस," ती म्हणाली. "बारीक नि उंच. जाड टायर घातलेत तर नऊवारीवर गमबूट चढवल्यासारखं दिसेल."

"तुम्हीच शोधून द्या मग," तो म्हणाला. "मला काय… मी परत बैलाचाच आणीन."

मग तो दर शनिवारी यायला लागला; रतन ठिकाणं सुचवायची, तो शोधून टायर तिला दाखवायला आणायचा. पहिला टायर मुलुंडच्या एका बंद गॅरेजात मिळाला. दुसरा मनोरीला, कुणाच्या तरी सुट्टीच्या बंगलीमागे पडलेला. त्याच्यासोबत लवूने रतनसाठी सुके बोंबील आणले, नि टायरालाही बोंबलाचा वास लागला म्हणून मनसोक्त बोलणी खाल्ली. तिसरा अंधेरीला सापडला. काहीच मिळालं नाही तरी "नाय मिळाला हं…" एवढंच सांगायला तो पार्ल्याहून घाटकोपरला येई आणि दोन कप चहा पिऊन जाई. अहो-जाहो कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

आणि दिवाळीच्या तोंडावर भंगाराच्या मालात चौथा टायर आपणहून दुकानात आला. फारसा न पळालेला, रबर अजून मऊ. रतनने खडू घासला. पावणेपाच-एकोणीस! तिने इकडेतिकडे पाहिलं, टायर माळ्यावर नेला आणि लॉरीच्या ट्यूबांखाली पुरला. चौथा मिळाला की शनिवार संपले, हे तिला बोटांवर न मोजताही कळत होतं. हातून घडतंय ते चांगलं नाही, हेही कळत होतं. पण शनिवार आला की ती ठेवणीतलं लुगडं नेसायची.

डिसेंबरात लवूने सांगितलं, "रॅलीत गाडी पसंत पडली ना, तर बडोद्याला एक शौकीन आहेत, ते मला कामावर घेणार. नऊ गाड्या आहेत त्यांच्याकडे, रतन! नऊ!"

"झकास," रतन म्हणाली आणि पाठ फिरवून रिकामी किटली घासत बसली.

रॅलीच्या आदल्या दिवशी तो आला तो पडलेल्या चेहऱ्याने. "वाट लागली. डॉक्टर म्हणतात, चौथा बैलाचाच चढव, लांबून कुणाला कळतंय."

"आणि चालवणार कोण?"

"मीच. दुसरा कोण?"

 रतन शिडी चढली, ट्यूबा बाजूला फेकल्या आणि टायर खाली आणून त्याच्यापुढे उभा केला.

लवूने वाकून कडेवरचे आकडे वाचले. "हा… कधी आला?"

"दिवाळीत."

"दिवाळीत? अगं, मी मुंबई पालथी घातली! रात्रीची झोप नाय मला!"

"माहीत आहे." तिने टायरवरची धूळ पुसली. "हा दिला असता तर तू आला नसतास. मला तू यायला हवा होतास, लवू. शिव्या घाल, पण टायर घेऊन जा. उद्या त्या बैलाच्या टायरावर गाडी पळवू नकोस."

त्याने टायर खांद्यावर घेतला. दारापर्यंत गेला… आणि थांबला.

"राग आलाय मला," तो म्हणाला. "पण एक सांगू? दर शनिवारी निघताना मी गावच्या वेतोबाला सांगायचो, देवा, आज पण मिळू नको देऊस. आणि वर तुझ्यावर ओरडतोय मी."

रतनला हसूही आलं नि रडूही. "बडोद्याला जाशील ना पण?"

"जाईन. वर्षभर. मग तुझ्या बाबांकडे येईन."

"काय निमित्त सांगशील?"

"आता कसलं निमित्त, रतन? तुला मागायला येईन."

"वर्ष मोठं असतं रे…"

"असतं," तो म्हणाला. टायर भिंतीला टेकवून त्याने पहिल्यांदाच तिचा हात हातात घेतला. आतल्या खोलीत धोंडिराम मुद्दाम खोकला. दोघांनीही हात सोडला नाही.